अंश इकडे, छेद तिकडे : जनगणना आयुक्तांना एका प्रगणक बाईंचं खुलं पत्र

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

2011च्या फेब्रुवारीत मी 64 माणसं एका वॉचमनच्या वहीतून मोजली. तेव्हा तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी होतं आणि मला नोकरी लागून जेमतेम चार वर्षं झाली होती. पण खातं तेच आहे, मीही तीच आहे, आणि 2027च्या फेब्रुवारीत पुन्हा मोजणीला निघायचं आहे. म्हणून आधी हे सांगून टाकते.

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी मला आलेला प्रगणन गट, म्हणजे मोजायला नेमून दिलेला भाग, औद्योगिक वसाहतीला चिकटलेल्या एका गावातला होता. अर्धा गट म्हणजे मारुतीच्या पारापासून खालची जुनी आळी आणि उरलेला म्हणजे एका सळईच्या मिलने मजुरांसाठी बांधलेली पत्र्याच्या खोल्यांची रांग. आळी मी आठ दिवसांत संपवली. खोल्यांकडे गेले ती दुपारी दीडच्या सुमाराला, कारण शाळा सकाळची होती. दिवसपाळीवाले भट्टीवर, रातपाळीवाले झोपलेले. गेटवरचा वॉचमन माझ्या माहेरकडचा निघाला. "म्याडम, आत कुठं जाता? उघडीबंब झोपलीत पोरं. बसा इथं, मी सांगतो की." त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ठेकेदाराची हजेरीची वही माझ्यापुढे सरकवली.

वहीत नाव होतं, पाळी होती, सही किंवा अंगठा होता. बाकीचं मी भरलं. वयं अंदाजाने लिहिली. पंचविशीच्या पुढचा दिसतोय अशाला विवाहित केलं. दिसतोय म्हणजे काय, मला नुसती नावं दिसत होती. मातृभाषा सगळ्यांची हिंदी. जन्मस्थळ बिहार. जिल्हा विचारला तर वॉचमन म्हणाला, "काय की, पटण्याकडचीच समदी." स्थलांतराचं कारण, काम. हा एवढा एक रकाना मी मनापासून खरा भरला. सव्वा तासात सगळं आटोपलं. फॉर्म काठोकाठ भरलेले, एकही चौकट मोकळी नाही, त्यामुळे तपासणाऱ्याला शंका यायचं कारण नव्हतं. भारताची लोकसंख्या त्या वर्षी 121 कोटींच्या वर भरली. त्यातली 64 माझ्या मनची आहेत.

आता आळीकडचं ऐका. तिथे 11 घरांना कुलूप होतं. एका घराच्या ओट्यावर म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "पोरगा आन् सून कोयत्यावर गेलेत. दिवाळी झाली की गेले, पट्टा पडला की येतील." पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचं गाळप बंद होणं, आणि कोयता म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना दोघांचं मिळून एक कोयता मोजतात. मी आजींना सांगितलं की तुमचं एकटीचंच लिहिणार, कारण मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो गावात नसतो तो जिथे असेल तिथे मोजला जातो. प्रशिक्षणात आम्हाला तसं घोकून घोकून सांगितलं होतं. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तिथं कोन वळखतंय बाई त्यान्ला?"

पुढे काही वर्षं माझ्याकडे हंगामी वसतिगृहाचं काम होतं. आईबाप ऊस तोडायला गेले तरी पोरं गावातच राहावीत, शाळा बुडू नये म्हणून चालवतात ते. पालक आले की मी सहज विचारायची, त्या साली फडावर तुम्हाला कुणी मोजायला आलं होतं का? बहुतेकांना आठवेना. एक जण हसून म्हणाला, "चिटबॉय यायचा की रोज." चिटबॉय कारखान्याचा माणूस. तो मोळ्या आणि टन बघायला येतो.

म्हणजे माझ्या एका गटातून जे गेले होते ते बहुधा कुठेच लागले नाहीत आणि जे आले होते ते वहीतून लागले. फॉर्मावर माझी सही आहे.

तुम्ही म्हणाल, 121 कोटींत ही 64 आणि कुलपांमागच्या 11 जोड्यांची 22 म्हणजे काय? मी गणिताची बाई आहे, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण सातवीला शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहिते की अपूर्णांकात वरचा तो अंश, खालचा तो छेद. कुणाचं किती आणि ते किती जणांत, हे दोन्ही आकडे एकाच घरचे असले पाहिजेत. शेजारच्या घरच्या भाकरी आणि आपल्या घरची माणसं असा भागाकार केला तर उत्तर येतं, पण ते कुणाच्याच ताटात वाढता येत नाही.

राज्यांचं दरडोई उत्पन्न काढताना नेमकं असंच होत असतं. जालन्याच्या मिलमधून जी सळई बाहेर पडते ती महाराष्ट्राच्या उत्पन्नात धरली जाते, कारण राज्याचं स्थूल उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत जे तयार झालं ते. सळई ओढणारा पोरगा मात्र दरभंग्यात त्याच्या आईने नाव सांगितलं असेल तर बिहारच्या डोक्यांत. तो घरी पैसे धाडतो, त्यावर तिकडे घर उभं राहतं, बहिणीचं लग्न होतं, पण ते पैसे बिहारच्या स्थूल उत्पन्नात दिसत नाहीत. अंश इकडे, छेद तिकडे. आमच्या आळीतल्या कोयत्यांचंही जवळपास तसंच. ऊस तुटतो कोल्हापूर-सांगलीत, नाहीतर सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटला. उत्पन्न त्या जिल्ह्याचं, त्या राज्याचं. आणि डोकी बहुधा कुठेच नाहीत.

बिहारचं दरडोई उत्पन्न महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतं. हा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही. दरभंग्याहून जालन्यापर्यंत जनरल डब्यात उभ्याने कुणी हौसेने येत नाही. पण त्या फरकातला किती भाग कमाईचा आणि किती भाग भलत्या ठिकाणी लिहिलेल्या डोक्यांचा, हे कुणी सांगू शकेल? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी केंद्राच्या करांतला 41 टक्के हिस्सा राज्यांत वाटायला सांगितला. तो वाटताना 45 टक्के भार उत्पन्नातल्या अंतराला, म्हणजे राज्याचं दरडोई उत्पन्न किती मागे आहे त्याला, होता आणि 15 टक्के 2011च्या लोकसंख्येला. बिहारच्या वाट्याला 10.058 टक्के आले, महाराष्ट्राच्या 6.317. यावरून आमच्याकडे दर बजेटला कुरकुर होते की आम्ही कमवायचं आणि त्यांनी खायचं. तिकडे उलट बोलत असतील की आमची तरणी पोरं तुम्ही वापरायची आणि म्हातारी आम्ही सांभाळायची. दोन्हीकडचं थोडं थोडं खरं आहे. पण 60 टक्के वाटप ज्या भागाकारांवर उभं आहे त्यांच्या छेदात माझ्या त्या 64 जणांसारखी माणसं आहेत, आणि ती वॉचमनच्या वहीतून आली आहेत.

मी मराठवाड्यातली आहे, साहेब. 'अनुशेष' हा शब्द मी अंगणवाडीच्या वयात ऐकला. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 साली जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष काढला. रस्ते किती कमी, सिंचन किती कमी, दवाखाने किती कमी. बेरीज 3186 कोटींच्या घरात गेली. पुढे 1994 साली वैधानिक विकास मंडळं आली, 2020 साली त्यांची मुदत संपली, मधल्या काळात विजय केळकरांची समितीही येऊन गेली. मागासलेपण मोजायची आम्हाला चांगली सवय आहे. पण त्या क्षेत्रांच्या यादीत 'दरवर्षी सहा महिने निघून जाणारी माणसं' असा रकाना नव्हता. रस्ता नसला तर तो नाही हे दिसतं. माणूस गेला तर घर दिसतं, कुलूप दिसतं, पण तो कुठे गेला हे कुठल्याच कागदावर येत नाही.

बिहारची गोष्ट याहून मोठी. 1950च्या दशकापासून 1990च्या सुरुवातीपर्यंत देशात भाडे-समानीकरणाचं धोरण होतं. लोखंड आणि पोलाद देशात कुठेही न्या, किंमत एकच. वाहतुकीचा फरक सरकार भरून काढणार. जमशेदपूरचं पोलाद मुंबईला त्याच भावात मिळू लागलं, मग कारखाना खाणीजवळ कशाला काढायचा? तेव्हा झारखंड बिहारातच होतं. ही एकच गोष्ट बिहारच्या गरिबीला कारण आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या जमिनी, पूर, तिथलं राजकारण, सगळंच आहे. पण आमच्या जालन्यात लोखंडाची खाण नाही, कोळशाची नाही, इथे भंगार वितळवून सळई पाडतात, आणि ज्या मुलखाने अख्ख्या देशाला पोलाद पुरवलं तिकडची पोरं ती पाडायला इथे येतात. जुनी माणसं म्हणायची, जालना सोने का पालना. पाळण्यात कोण झोपलंय ते मात्र विचारू नये.

मला नेहमी विचारतात, आणि तुम्हालाही विचारतील, की आमच्या आळीतली माणसं शेजारच्या मिलमध्ये का जात नाहीत? गेटपासून अर्धा किलोमीटरवर राहतात आणि ऊस तोडायला अडीचशे-तीनशे किलोमीटर जातात, हे काय गौडबंगाल? मीही विचारलं. एका पालकाचं उत्तर मला पटलं. एक तर मुकादम उचल एकरकमी देतो, ती लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्याला लागते. मिलमध्ये आठवड्याला हातावर पडतं, ते हातावरच संपतं. आणि दुसरं म्हणजे ठेकेदारच घेत नाही. गावातला माणूस पोळ्याला घरी राहतो, चुलत्याच्या दहाव्याला जातो, हात भाजला तर संध्याकाळी भाऊबंद घेऊन गेटवर येतो. लांबचा माणूस खोलीतून भट्टीवर आणि भट्टीवरून खोलीत. त्याचा दहावा करायला इथे कुणी नाही. बेळगावकडच्या कारखान्याला आमचा कोयता हवा असतो तोही याच कारणाने. तिथला गडी दिवस मावळला की घरी जातो, आमची माणसं फडाच्या कडेला पालात असतात, मुकादमाने रात्री दोनला गाडी भरायला उठवलं तरी उठतात.

मजुरी स्वस्त असते हे खरंच. पण त्याहून जास्त किंमत आहे ती एकटेपणाला, आणि ती ठेकेदाराला मिळते. मोजणीतही हाच माणूस निसटतो.

2020 साली हे साऱ्या देशाला दिसलं. त्या वर्षीच्या 8 मेची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातले मजूर, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, रुळांच्या कडेने भुसावळला जायला निघाले होते. रात्रभर चालून करमाडजवळ रुळांवरच झोपले. मालगाडी आली. 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो तुम्हीही बघितला असेल. मी तो बघितला तेव्हा मला पोळ्यांच्या आधी वही आठवली. ही माणसं आमच्या जिल्ह्यात राहत होती, आमच्या रुळांवरून चालली होती. जालना जिल्ह्याची लोकसंख्या 2011ला साडेएकोणीस लाखांच्या वर होती. त्यांच्यासारखी किती माणसं इथे आहेत असं मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी तर जनगणना केलेली बाई.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभेत सरकारने सांगितलं की टाळेबंदीत 1 कोटी 4 लाखांहून जास्त मजूर आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मेले? त्याची नोंद नाही. आणि त्याच्या आधी, 2016-17च्या आर्थिक पाहणीत, दरवर्षी साधारण 90 लाख माणसं कामासाठी राज्य ओलांडतात असा अंदाज काढला होता, तो रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून. हुशारीचं काम होतं ते, मी नावाजते. पण माणसांचा अंदाज तिकिटांवरून काढावा लागला, कारण 2011च्या मोजणीत आपल्याला जे आकडे मिळाले ते वेगळ्याच गोष्टीचे होते. तिथे स्थलांतरित 45 कोटींच्या वर आहेत. त्यातल्या बायका बहुतेक लग्न होऊन सासरी गेलेल्या, मीही त्यातलीच. दुसऱ्या राज्यातून आलेले 5 कोटी 40 लाखांच्या आसपास. आणि हे तक्ते पूर्ण बाहेर यायला 2019 उजाडलं. आठ वर्षांत मजुरांच्या दोन पिढ्या बदलतात. माझ्या वहीतली ती पोरं तोवर सुरतेला गेली असतील, केरळात गेली असतील, कदाचित घरी बसली असतील कंबर धरून.

फॉर्मातला 'शेवटचं वास्तव्य', म्हणजे इथे यायच्या आधी कुठे राहत होता, हा प्रश्नही जरा बघा. दरभंग्यात जन्मलेला, सुरतेत चार वर्षं काढलेला आणि आता जालन्यात आलेला पोरगा. त्याचं शेवटचं वास्तव्य सुरत. आता तो छटपूजेला आणि होळीला दरभंग्यात जातो, महिना-महिना राहतो, मग परत येतो. मग शेवटचं वास्तव्य दरभंगा? तो म्हणेल, घर तर तिथेच आहे. प्रशिक्षणात मी हा प्रश्न विचारला होता. उत्तर आलं, "जे सांगतील ते लिहा." मला कुणी काही सांगितलंच नव्हतं हा भाग वेगळा.

2027मध्ये आणखी एक गोष्ट आडवी येणार आहे. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2026, माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027. उन्हाळ्या-पावसाळ्यात घरं मोजायला जाल तेव्हा फडावर एक पाल नसतं, सगळी माणसं गावी. फेब्रुवारीत प्रगणक यादी घेऊन जाईल तेव्हा लाखो माणसं त्या यादीत नसलेल्या पालांत असतील. 2011च्या पद्धतीने त्यांना बेघर धरलं तर 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजायचं. उसाच्या फडात, अंधारात, एका रात्रीत! आणि त्या रात्रीच्या आधीच कारखान्याचा पट्टा पडला तर माणसं ट्रॅक्टरवर असतील, वाटेत, कुठल्याच जिल्ह्यात नाहीत.

यावर उपाय शोधायला कुणाला परदेशी जायची गरज नाही. कोणत्या गावच्या कोणत्या शेतात कोणती टोळी उतरली आहे हे कारखान्याच्या शेतकी खात्याला रोज माहीत असतं, कारण त्यावर टनाचा हिशेब चालतो. पुण्यातल्या साखर आयुक्तालयाला एक पत्र धाडा, जानेवारीतच टोळ्यांच्या याद्या मागवा, आणि प्रगणकासोबत त्या भागाचा चिटबॉय द्या. त्याला माणसं तोंडओळखीने माहीत असतात. कर्नाटकातल्या आणि गुजरातेतल्या कारखान्यांकडेही हेच मागा. आपण बाहेरून माणसं घेणारं राज्य म्हणून मिरवतो, पण देणारंही राज्य आहोत. नंदुरबारकडची कुटुंबं सुरत-बारडोलीच्या उसात असतात.

मिलच्या खोल्यांचं मात्र एवढ्यावर भागणार नाही, कारण तिथली माणसं आता घाबरलेली आहेत. बिहारात 2025 साली मतदारयाद्यांची फेरतपासणी झाली. मसुद्यातून साधारण 65 लाख नावं गेली. त्यातली 36 लाखांच्या आसपास 'कायमचे बाहेर गेलेले किंवा सापडले नाहीत' या कारणाने. ही बातमी खोल्यांपर्यंत फोनवर कधीच पोहोचली आहे. आता मी वही-फोन घेऊन गेले आणि विचारलं, "आप यहां कब से रहते हो?", तर शहाणा माणूस काय उत्तर देईल? "हम तो घूमने आये हैं." त्याच वर्षी बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड झाली, आमच्या राज्यातही झाली. पश्चिम बंगालचे काही नागरिक तर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले आणि मग परत आणावे लागले. मुर्शिदाबादचा गवंडी मला मातृभाषा कोणती सांगेल? आम्ही मागच्या वेळी वॉचमनच्या तोंडून हिंदी लिहिली. या वेळी तो स्वतःच्या तोंडाने हिंदी सांगेल, आणि आकड्यांत भारताची भाषा आणखी एकसारखी दिसेल.

1948च्या जनगणना कायद्याचं 15वं कलम मला पाठ आहे. आम्हाला मिळालेली माहिती कुणाला बघायला मिळत नाही, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. ही गोष्ट हिंदीत, बांगलात, ओडियात, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर छापून आमच्या हातात द्या. आणि ती खरी ठेवा. मी एखाद्या पोराला डोळ्यांत बघून सांगायचं की तुझं नाव कुठून कटणार नाही, आणि सहा महिन्यांनी ते कटायचं, असं झालं तर त्या गावात मला शिकवता येणार नाही.

आता आमच्या लोकांसाठी दोन शब्द, पत्र उघडं आहे म्हणून. आमच्या गावात आज त्या खोल्या 64 जणांच्या राहिलेल्या नाहीत, मी लांबून मोजल्या तरी चौपट-पाचपट भरतील. जल जीवन मिशनमध्ये माणशी 55 लिटरचा हिशेब आहे. कोणत्या माणशी? टाकी जेवढ्या माणसांसाठी बांधली त्यात खोल्यांतली माणसं नाहीत. पाणी मात्र त्याच लाइनवरून जातं. मग उन्हाळ्यात नळावर बाया भांडतात, "ह्या भय्यांनी पाणी संपवलं." प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या की तेच. रेशनचा कोटा तर अजून 2011च्या आकड्यांवर आहे. एक देश एक रेशन कार्डामुळे बिहारचं कार्ड इथे चालतं, मी स्वतः अंगठा लागताना बघितला आहे, पण दुकानदाराचा माल आधी संपतो. नळावरच्या त्या बाईचा राग खोटा नाही. तिच्या वाट्याचं पाणी खरंच कमी झालंय. ते कुणी कमी केलं हे तिला कळायचं तर आधी टाकीचा हिशेब करणाऱ्याला खोल्यांतली माणसं कळायला हवीत, आणि ती त्याला तुमच्याकडूनच कळणार. परप्रांतीयांवर भाषणं करणाऱ्यांनाही आकडे हवे असतात म्हणा. त्यांनाही द्या. खरे द्या. अंदाजाचा आकडा नेहमी भाषण करणाऱ्याच्या सोयीने फुगतो.

कायद्याचंही सांगते. 1979चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता, त्यात घर सोडून आल्याबद्दल महिन्याच्या पगाराच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता लिहिलेला होता. तो कुणाला मिळालेला मी पाहिला नाही. नोव्हेंबर 2025पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात हा भत्ताच नाही. वर्षातून एकदा जाण्यायेण्याचा प्रवासखर्च आहे, आणि तोही 10 किंवा जास्त स्थलांतरित कामगार असलेल्या ठिकाणी. 10 आहेत की 9 हे कोण ठरवणार? ठेकेदाराची वही. हा तुमच्या खात्याचा विषय नाही, मला माहीत आहे. पण बाहेरची मोजणी पक्की असली तर वहीला कुणीतरी आव्हान देऊ शकतं.

तर माझं मागणं. मजुरांच्या वसाहती, वीटभट्ट्या, मोठ्या बांधकामांवरचे पत्र्याचे कॅम्प यांचे वेगळे प्रगणन गट करा. गावाच्या शेपटाला जोडू नका. तिथे दुपारी कुणी सापडत नाही. पाळी सुटते रात्री आठला, तेव्हा जायची मुभा द्या, आणि बाईमाणसाला एकटीला पाठवू नका, जोडीला दुसरा प्रगणक द्या. 2011ला मी आत गेले नाही याला माझा आळस कारण होता, पण थोडी भीतीही होती. आतली पोरं बिचारी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची असतील, हे मला नंतर सुचलं. शेवटच्या वास्तव्याबरोबर 'घरी पैसे कुठे पाठवता' एवढा एक प्रश्न विचारता आला तर बघा. माणूस वास्तव्याबद्दल गोंधळेल, मनीऑर्डरीच्या पत्त्याबद्दल गोंधळत नाही. या वेळी सगळं मोबाइलच्या ॲपवर आहे म्हणता, मग स्थलांतराचे तक्ते आठ वर्षं नकोत. पुढचा वित्त आयोग बसायच्या आत द्या. लोकसभेच्या राज्यनिहाय जागा आजही 1971च्या मोजणीवर आहेत. त्या पुन्हा मांडायची वेळ येईल तेव्हा दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेची राज्यं ज्या डोक्यांवरून भांडतील, त्यातली काही कोटी डोकी रात्री झोपतात एका राज्यात आणि कागदावर असतात दुसऱ्या. निदान भांडणाऱ्यांना हे माहीत असू द्या.

मला पुन्हा तोच गट मिळाला तर मी आधी त्या खोल्यांवर जाणार आहे, आळी नंतर. वॉचमन आता दुसरा आहे, सुरक्षा एजन्सीचा, गणवेशातला, तो ओळख देत नाही. मागच्या महिन्यात सहज गेटपर्यंत गेले तर म्हणाला, "ऑफिसची परवानगी आणा." म्हणून एक शेवटचं: गेटवर दाखवायला तुमच्या सहीशिक्क्याचं, मराठीत आणि हिंदीत, एक पानी पत्र प्रत्येक प्रगणकाला द्या. त्यात लिहा की ही बाई आत जाणार आहे आणि माणसांशी बोलणार आहे.

आपली,
2011ची एक प्रगणक
जिल्हा परिषद शाळा, जि. जालना